नकाशातले पांढरे खोरे

एकदा एका पतंगाचे दोन होता होता राहिले. त्याची ही गोष्ट आहे.

एका विद्यानगरीत एक वृद्ध अभ्यासक राहत असत; सारे त्यांना गुरू म्हणत. रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या पतंगांच्या जाती ओळखणे, त्यांना नावे देणे आणि कोणती जात कोणत्या मुलखात राहते याची नोंद ठेवणे, यात त्यांचे उभे आयुष्य गेले होते. घराच्या मागच्या खोलीत सागवानी कपाटे होती. कपाटांत काचेचे झाकण असलेले उथळ खण होते आणि खणांत पंख पसरून टाचणीवर बसवलेले हजारो पतंग. प्रत्येक पतंगाखाली, त्याच टाचणीत, नखाएवढी एक चिठ्ठी असे: कुठे सापडला, केव्हा सापडला, कोणाला सापडला. चिठ्ठी हरवली तर पतंग कितीही देखणा असो, गुरू त्याला खणातून काढून टाकीत.

गुरूंचा मोठा लौकिक होता, पण स्वभाव मात्र भित्रा होता. कुलूप लावल्यावर काही माणसे ते तीन-तीनदा ओढून पाहतात, तसे ते आपले प्रत्येक मत ओढून पाहत. छापून आलेले स्वतःचे लेखही पुन्हा वाचत आणि समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्हे काढीत. लोकांना याची गंमत वाटे. त्यांच्या शिष्याला मात्र कधीकधी कंटाळा येई.

हा शिष्य नऊ वर्षे त्यांच्याकडे शिकत होता. वय पस्तिशी ओलांडलेले, नोकरी हंगामी. या नऊ वर्षांत त्याने एकाच पतंगाचा पाठपुरावा केला होता. त्या पतंगाला गुरूंनीच चाळीस वर्षांपूर्वी 'गवाक्ष' असे नाव दिले होते, कारण त्याच्या चारही पंखांवर एकेक गोल, पारदर्शक खिडकी होती. पंख हातात धरून त्या खिडकीतून पाहिले तर पलीकडची अक्षरे वाचता येत. पंखांचा रंग हळदीसारखा. गुरूंनी आपल्या ग्रंथात लिहिले होते की हा पतंग उत्तरेच्या पठारावर राहतो, अन्यत्र नाही. ते वाक्य पुढच्या साऱ्या पुस्तकांत जसेच्या तसे उतरले होते.

शिष्याला त्या पतंगाचा एक भाऊबंद दक्षिणेच्या डोंगरांत सापडला. आकार तोच, बैठक तीच. पण रंग विटेसारखा, आणि पंखांवर खिडकी नाही. खिडकीच्या जागी नुसते एक तपकिरी कडे. शिष्याने बारा ठिकाणांहून असे पतंग गोळा केले. उत्तरेचे पठार आणि दक्षिणेचे डोंगर यांच्यामध्ये नदीचे एक रुंद खोरे होते, आणि त्या खोऱ्यात यांपैकी एकाचीही नोंद नव्हती. दोघांचे मुलूख वेगळे, रूप वेगळे, मधे रिकामा पट्टा. शिष्याने निष्कर्ष काढला की ही दक्षिणेची जात स्वतंत्र आहे, नवी आहे. तिला त्याने गुरूंचे नाव दिले.

लेख तयार झाला. विद्वत्सभेकडे तो पाठवायला तीन आठवडे उरले होते. सभेचा नियम असा, की नव्या जातीच्या लेखावर एका ज्येष्ठ अभ्यासकाने 'नमुने पाहिले, मत मान्य' असे लिहून सही करावी. लेख छापून आला असता तर शिष्याची नोकरी कायम होणार होती. तसे त्याला स्पष्ट सांगण्यात आले होते. गुरूंची सही ही त्याच्या दृष्टीने केवळ औपचारिक बाब होती. आपल्या नावाची जात कोण नाकारील?

गुरूंनी आठ दिवस नमुने पाहिले. नवव्या दिवशी त्यांनी शिष्याला बोलावले आणि मेजावर नकाशा पसरला. त्यावर एकतीस काळे ठिपके होते, एकोणीस वर उत्तरेला, बारा खाली दक्षिणेला. मधले खोरे पांढरे होते. गुरूंनी चष्मा पुसला आणि पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवले.

"हा कुठला?"

"धरणाची वसाहत, गुरुजी. पठाराच्या टोकाला."

"तिथे रात्री जेवलास काय?"

शिष्य गोंधळला. "जेवलो?"

"हो. जेवण काय होते?"

"पिठले-भाकरी. अभियंत्यांच्या खानावळीत."

"बरे होते?"

"पिठले जरा पातळ होते."

गुरूंनी ते वहीत लिहून घेतले आणि बोट पुढे सरकवले. "हा?"

"वनखात्याचे विश्रामगृह. तिथल्या खानसाम्याने कोंबडी केली होती."

"चंगळ होती म्हणायची. आणि हा?"

"देवस्थानाचा भक्तनिवास. आमटी-भात, कांदा-लसूण नसलेली."

"हा माझा आहे," पुढच्या ठिपक्यावर बोट ठेवून गुरू म्हणाले. "जुना डाकबंगला. अंड्याची पोळी आणि जळका पाव. चाळीस वर्षे झाली, अजून चव जिभेवर आहे. पुढे चल."

शिष्य पुढे चालला. आश्रमशाळेतली खिचडी, साखर कारखान्याच्या अतिथिगृहातली जिलबी, रेल्वे स्टेशनवरचे वडे. त्याला सगळी जेवणे आठवत होती याचे त्यालाच नवल वाटले. पण मनात तो धास्तावला. गुरुजींचे वय झाले, असे त्याला वाटू लागले. सहीची वेळ आणि हे भलतेच काहीतरी. दारात गुरुपत्नी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तासभर त्याला जेवणाचेच विचारताय," त्या म्हणाल्या, "जेवायला कधी बसवणार? पोरगा भुकेने अर्धा झाला."

"आलोच. एकच राहिले आहे." गुरूंनी बोट उचलले आणि मधल्या पांढऱ्या खोऱ्यावर टेकवले. "इथे काय जेवलास?"

"इथे गेलो नाही, गुरुजी."

"का बरे?"

"इथे राहायची सोय नाही. धड रस्ता नाही, वीज नाही. दिवा कशावर लावणार, मुक्काम कुठे करणार?"

"मी पण याच कारणाने गेलो नाही," गुरू म्हणाले. "म्हणजे या खोऱ्यात पतंग नाही हे आपल्याला ठाऊक नाही. आपल्याला एवढेच ठाऊक आहे, की या खोऱ्यात जेवणाची सोय नाही."

शिष्य मेजावर वाकला. त्याने नकाशाकडे पाहिले. एकतीस ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यावर एक छप्पर, एक खाट, एक विजेचा दिवा. नऊ वर्षे हा नकाशा त्याच्या भिंतीवर टांगलेला होता, पण तो आज त्याने पहिल्यांदा पाहिला.

गुरू हळू आवाजात बोलू लागले. "या पतंगाला तोंड नसते, हे तू जाणतोस. कोशातून बाहेर आल्यावर तो आठवडाभर जगतो आणि त्या आठवड्यात एक घासही खात नाही. अळी असताना जे साठवले असेल तेवढ्यावर उडतो. त्याला खानावळ नको, खाट नको. आणि आपण दोघे त्याला खानावळीच्या आसपास शोधत राहिलो. जिथे मिळाला तिथे ठिपका काढला आणि जिथे गेलोच नाही ती जागा पांढरी ठेवली. मग एके दिवशी त्या पांढऱ्या जागेकडे बोट दाखवून आपण म्हणालो, पाहा, इथे काही नाही. बाळ, हा पतंगाचा नकाशा नाही. हा आपल्या मुक्कामांचा नकाशा आहे."

"पण गुरुजी," शिष्य कसाबसा म्हणाला, "दोन जाती ठरल्या तर तुमचे जुने वाक्य खरे ठरते. शिवाय नव्या जातीला तुमचे नाव. यात तुमचा तोटा काय?"

"काहीच नाही. म्हणूनच आठ दिवस झोप नाही. जे मत मला इतके मानवते, ते मी कसे तपासणार? माझा हात आपोआप सहीकडे जातो आहे."

"तीन आठवड्यांत मुदत संपेल."

"मग उद्याच निघू," गुरू म्हणाले, आणि जेवायला उठले.

आश्विन लागला होता. पठाराच्या कडेपर्यंत गाडीने आणि तिथून खाली पायी, असा प्रवास होता. गुरू अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. अवघड उतार आला की ते सरळ बूड टेकवून, दगडाला धरून, लहान मुलासारखे घसरत उतरत. शिष्याच्या पाठीवर मोठा दिवा, या खेपेपुरती उसनी आणलेली जड बॅटरी आणि पांढरा पडदा. रात्री पडद्यामागे दिवा लावायचा आणि पडद्यावर येऊन बसणारे पतंग टिपायचे, ही त्यांच्या विद्येची पद्धत. चालताना शिष्याच्या मनात एकच विचार होता, की खोऱ्यात काहीही सापडू नये. आपण पतंग शोधायला निघालो आहोत आणि तो मिळू नये अशी मनोमन प्रार्थना करतो आहोत, हे ध्यानात आल्यावर त्याला लाज वाटली. पण प्रार्थना काही थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऐनाच्या झाडांच्या राईत पाच घरांची एक वस्ती लागली. पहिल्याच घराच्या अंगणात साठीची एक बाई बसली होती. सायत्राबाई तिचे नाव. तिच्या मांडीवर पाण्यात भिजवलेला एक कोश होता, सुपारीएवढा, राखी रंगाचा. चाकूने ती तो गोल गोल कापत होती आणि कोशाची एक लांब, चामड्यासारखी चिवट पट्टी निघत होती. शेजारी विळे पडले होते, आणि त्यांच्या मुठींना तशाच पट्ट्या घट्ट गुंडाळल्या होत्या.

शिष्य थबकला. तो कोश त्याने ओळखला होता.

"विकत घ्याले आले का तुमी?" सायत्राबाईने मान वर न करता विचारले.

"नाही बाई," गुरू म्हणाले. "पाहायला आलो."

"पाहाले? एवढा डोंगर उतरून?" तिने आता वर पाहिले. गुरूंच्या मागच्या बाजूला लागलेला सगळा डोंगर तिला दिसला. "अन् बसूनबसून उतरले वाटते. तुमच्या गावात पाहाले काही नाई का, बाप्पा?"

"आहे. पण हे नाही," गुरूंनी कोशाकडे बोट दाखवले. "यातून निघणारा पतंग पाहायचा आहे."

"मग चांगल्या दिवशी आले. आज आमच्या इथं नवरी बसवाची आहे."

तिने त्यांना ओसरीवर नेले. वळचणीला एक टोपली टांगली होती आणि टोपलीत सात-आठ कोश. त्यांतल्या एकाचे तोंड ओले झाले होते. संध्याकाळ कलता कलता त्यातून मादी बाहेर आली. प्रथम ती एखाद्या चुरगळलेल्या चिंधीसारखी दिसत होती. मग हळूहळू, जणू कोणी आतून फुंकर घालावी तसे, तिचे पंख उलगडत गेले. हळदीचा रंग आणि चार मोठ्या, स्वच्छ खिडक्या.

उत्तरेची, शिष्य मनात म्हणाला. तर मग उत्तरेची जात खोऱ्यापर्यंत उतरते. एवढेच असेल तर अजून काही बिघडलेले नाही. नकाशात एक ठिपका वाढेल. जाती दोनच राहतील.

सायत्राबाईने सुताचा एक पदर घेतला, मादीच्या पंखांच्या मुळाशी हलक्या हाताने अडकवला आणि तिला वळचणीखालच्या एका डहाळीला बांधले. मग तिने चुलीतल्या निखाऱ्यांवर पाणी ओतले. वस्तीतल्या बाकीच्या घरांतूनही तसाच चर्र आवाज आला. स्वयंपाक दिवस असतानाच उरकला होता. शिष्य आपला दिवा मांडू लागला.

"ते काय आहे?" तिने विचारले.

"दिवा आहे, बाई. पतंग दिव्याकडे येतात."

"येतेत नं. अन् तिथंच डोकं आपटूआपटू मरतेत. मग माह्या नवरीकडं कोन येईन? आज रातच्याले या गावात दिवा नाई लागत. बिडीसुद्धा नाई."

शिष्याने गुरूंकडे पाहिले. दिवा नाही तर हाताशी साधन नाही, साधन नाही तर नोंद नाही. इतक्या दूर येऊन काळोखात बसून राहायचे?

"ठेव पिशवीत," गुरू म्हणाले. "आजवर आपण दिवा लावून त्यांना आपल्याकडे बोलावले. आपणहून ते कुणाकडे जातात, ते आज पाहू."

काळोख पडला आणि तिघे ओसरीवर आडवे झाले. शिष्याला वाटले होते झोप येणार नाही, पण प्रवासाने अंग मोडले होते. त्याला जाग आली ती पहाटेच्या सुमारास, गालाला काहीतरी मऊ लागून गेले तेव्हा. मग कपाळाला. मग हाताला. वर वळचणीत, कुणी रेशमी वस्त्र सारखे झटकावे तसा बारीक आवाज होत होता. तो उठून बसला. शेजारी गुरू आधीच उठून बसलेले होते. त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

उजाडू लागले. आधी खांब दिसला, मग डहाळी, मग डहाळीच्या भोवतीची वळचण. वळचणीच्या वाशांवर, भिंतीवर, सायत्राबाईच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर पतंग बसलेले होते. सगळे नर. प्रत्येकाच्या डोक्यावर दोन पिसांसारख्या मिशा, आणि त्या अजून मादीच्या दिशेने वळलेल्या. माणसाच्या नाकाला ज्याचा लेशही कळत नाही अशा एका गंधाच्या मागे, दोन-दोन तीन-तीन कोस वारा कापत, डोंगर उतरून, नदी ओलांडून ते आले होते. त्या सुताच्या पदराएवढ्या अंतरात बांधलेल्या जिवाने रात्रभर काही न बोलता सगळे खोरे हलवले होते.

शिष्याने मोजले. तेवीस. मग प्रकाश वाढला आणि त्याला रंग दिसले.

काही हळदीच्या रंगाचे होते, मोठ्या खिडक्यांचे. काही विटेच्या रंगाचे होते, खिडकी नसलेले, त्याने स्वतः नाव दिलेले. आणि बाकीचे मधले होते. एकाची खिडकी हरभऱ्याच्या डाळीएवढी, दुसऱ्याची मोहरीएवढी, तिसऱ्याची टाचणीने भोक पाडावे एवढीच. हळद जरा करपलेली, मग जास्त करपलेली, मग तांबूस, मग वीट. त्याने सवयीने त्यांना मनातल्या मनात ओळीने लावायला घेतले आणि ओळ लागत गेली. डावीकडून उजवीकडे खिडकी लहान होत होत मिटत होती, जशी संध्याकाळ होत होत रात्र होते.

"गुरुजी," तो म्हणाला, "रेघ कुठे ओढू?"

"ओढता येते का, पाहा."

त्याने पाहिले. सातव्या आणि आठव्याच्या मधे? पण ते तर जुळे भाऊ. बाराव्या आणि तेराव्याच्या मधे? तेही तसेच. तो उजव्या टोकाकडून सुरू झाला, तरी तेच. मग त्याची नजर डहाळीवर गेली. मोठ्या खिडक्यांच्या त्या हळदी मादीला एक नर बिलगला होता. तो विटेच्या रंगाचा होता. त्याला एकही खिडकी नव्हती.

सायत्राबाई चूळ भरून आली आणि कमरेवर हात ठेवून वर पाहू लागली. "यंदा वऱ्हाड बरं जमलं," ती म्हणाली. "मागच्या साली नऊच आले होते."

शिष्याने विचारले, "बाई, हा खिडकी नसलेला आणि ही खिडकीवाली. यांच्या अंड्यांतून अळ्या निघतात? नीट वाढतात?"

"न वाढाले काय झालं? ऐनावर सोडल्या का वाढतेत. खिडकीवाली पोरं होतेत, बिनखिडकीची होतेत. ही नवरीच तशा जोडप्याची आहे. माह्या आजीच्या आजीपासून हेच बियाणं चालू आहे." मग तिने त्याचा चेहरा पाहिला. "तुमाले काय, सारे एकाच रंगाचे पाहिजे होते का? तुमच्या घरी सारे एकाच तोंडाचे आहेत?"

शिष्याचा हात नकळत पिशवीकडे गेला. पिशवीत नमुने मारायची विषारी बरणी होती. तेवीस नमुने, एका रात्रीचे, एका जागेचे.

"नाई," सायत्राबाई शांतपणे म्हणाली. "जेवाच्या आधी वऱ्हाडी उचलून नेते का कोनी? चार दिवस थांबा. आपसूक पडतेत. मंग न्या सारे."

"थांबतो," गुरू म्हणाले.

ते अंगणात जमिनीवर बसले. शिष्यही बसला. नऊ वर्षे त्याच्या डोळ्यांसमोर हळूहळू एका वळचणीवर जाऊन बसत होती, आणि तिथून ती परत मागता येणार नव्हती. त्याला रडू यायला हवे होते. पण तो वर पाहत होता, आणि वर जे होते ते त्याच्या दुःखापेक्षा इतके मोठे होते की दुःखाला त्यात नीट उभेच राहता येईना.

"तुम्हाला हे आधीच ठाऊक होते ना, गुरुजी?" त्याने विचारले.

"नाही रे." गुरूंनी सदऱ्याच्या खिशातून पेन काढून दाखवले. "दोन जाती निघाल्या असत्या तर इथेच सही करायची, म्हणून हे आणले होते. मला ठाऊक काहीच नव्हते. मला भीती वाटत होती, एवढेच. लोकांना वाटते, म्हातारा विद्वान आहे म्हणून शंका घेतो. खरे सांगू? 'अन्यत्र नाही' हे वाक्य मी लिहिले, त्या रात्रीही मला अशीच भीती वाटली होती. पण तेव्हा मी तरुण होतो. वाक्य डौलदार होते. मी भीतीला गप्प बसवले आणि वाक्य ठेवले. उत्तरेत पाऊस कमी, दक्षिणेत अधिक. मुलूख जसा ओला होत जातो तशी ही खिडकी मिटत जात असेल, असा तर्क आता करता येईल. तोही तर्कच. पण चाळीस वर्षे जो पतंग मी एका पठारावर कोंडून ठेवला होता, तो सगळा वेळ हे खोरे भरून उडत होता. माझ्या वाक्याचा त्याला पत्ताही नव्हता. याचे मला वाईट वाटायला हवे. आणि मला, बघ, आनंद होतो आहे. बरे आहे ना हे?"

शिष्याने पिशवी जवळ ओढली. पिशवीतून त्याने आपला लेख काढला. विद्वत्सभेकडे जायची ती स्वच्छ प्रत होती. शेवटच्या पानावर सहीसाठी जागा सोडलेली. त्याने गुरूंच्या हातातले पेन मागून घेतले. गुरूंनी ते दिले. शिष्याने लेख उलटा केला आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर पहिला नर काढायला सुरुवात केली: रंग हळद, खिडकी मोठी. मग दुसरा. मग तिसरा. पानामागून पान उलटत तो तेविसाव्यापर्यंत गेला तेव्हा ऊन अंगणात आले होते आणि लेखाच्या पाठीवर जागा उरली नव्हती.

मुदत टळली. ती कायमची जागा त्या वर्षी दुसऱ्याला मिळाली. शिष्य आणखी दोन वर्षे हंगामीच राहिला, आणि त्या दोन वर्षांत घरच्यांची बोलणी त्याने ऐकून घेतली. पण त्या दोन वर्षांत तो जिथे दिवा नाही, खाट नाही अशा जागी जात राहिला, आणि मग त्याने दुसरा लेख लिहिला. त्यात नवी जात नव्हती. जुन्या जातीचा वाढलेला मुलूख होता, आणि तो मुलूख कुठे संपतो ते अजून कळलेले नाही अशी कबुली होती. सायत्राबाईचे नाव पहिल्या पानावर होते.

नकाशा मात्र त्याने वेगळा काढला. पतंग मिळाला तिथे काळा ठिपका. रात्रभर वाट पाहून मिळाला नाही तिथे पोकळ वर्तुळ. आणि जिथे कोणी गेलेच नाही ती सगळी जागा त्याने पांढरी न ठेवता फिकट पिवळ्या रंगाने भरली. न पाहिलेली जागा आणि रिकामी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण माणसांच्या बाबतीतही किती सहज विसरतो.

विद्वत्सभेने विचारले, की नकाशा छापताना काही चूक झाली आहे काय, कारण जवळजवळ सारा कागद पिवळाच दिसतो आहे. शिष्याने कळवले, की चूक नाही.

छापील प्रत आली त्या दिवशी तो ती घेऊन गुरूंकडे गेला. गुरूंची दृष्टी अधू झाली होती. त्यांनी नकाशा उजेडाकडे धरला, हात लांब केला, जवळ आणला, पुन्हा लांब केला. थोडे काळे ठिपके, चार-सहा वर्तुळे, आणि त्यांच्या भोवती सगळीकडे तो फिकट पिवळा विस्तार, कागदाच्या चारही कडांपर्यंत पोहोचलेला.

"केवढे आहे रे," गुरू म्हणाले.

"हो, गुरुजी."

मग समुद्रकाठी माणसे बसतात तसे ते दोघे त्या नकाशासमोर बराच वेळ बसून राहिले.